फळीचं दुसरं टोक

माझी शाळा चौथीनंतर सुटली ती फळीचं दुसरं टोक धरायला. बाबा होड्या बांधत. लांब फळीला रंधा मारायचा तर एका माणसाने दुसरं टोक घट्ट धरून ठेवावं लागतं, नाहीतर फळी थरथरते आणि रंधा उड्या मारतो. मोठा भाऊ होता, पण तो शिकून साहेब होणार होता, म्हणून त्याला शाळेत ठेवलं आणि मला किनाऱ्यावरच्या मांडवात. तीन वर्षं मी फळ्या धरल्या. मग मी मोठी झाले, आणि बायकांचा हात बांधायच्या होडीला लागायचा नाही म्हणून मला मांडवातून स्वयंपाकघरात पाठवलं. भाऊ काही साहेब झाला नाही. दोनदा मॅट्रिकला बसला आणि मग मासेमारीत पडला. आता त्याची फायबरची होडी आहे. तिला सुतार लागत नाही.

हे सगळं मी आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल चांगलं फारसं लिहिणार नाही.

नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले. मागच्या पडवीतली एक खोली मला दिली आहे. दिली आहे असं वहिनी म्हणते, येईल त्याला सांगते. मी बोलत नाही. लहानपणापासून मला चार माणसांसमोर तोंड उघडता येत नाही, आणि लोक समजतात की जी बोलत नाही तिच्या मनातही काही नसतं.

मागच्या ज्येष्ठात होड्या वर ओढल्या तेव्हा भाऊ घरीच होता. एका संध्याकाळी मी कामावरून आले तर बाबा गेल्यापासून बंद असलेली त्यांची हत्यारांची पेटी ओटीवर उघडी होती आणि भाऊ एकेक हत्यार खडूने नंबर घालून मांडत होता. करवती, पटाश्या, गिरमिट, लाकूड तासायचा वाकस, तिन्ही रंधे. किनाऱ्यावर नवीन रिसॉर्ट झालं आहे. त्याच्या मालकाला जेवणाच्या हॉलच्या भिंतीवर जुनी हत्यारं लावायची होती, जाळ्यांच्या आणि तुटक्या वल्ह्यांच्या मधोमध. फळीवर खिळ्यांनी ठोकून, वरून व्हार्निश मारून. पाहुण्यांना फोटो काढायला बरं.

मधला रंधा मी हातात घेतला. त्याच्या पात्याला एक खाच आहे. अकरा वर्षांची असताना तो माझ्या हातून होडीच्या लोखंडी नांगरावर पडला होता. बाबांनी मला एक थोबाडीत दिली आणि नंतर कितीदा धार लावली तरी ती खाच काही पुरी गेली नाही. तेव्हापासून तो रंधा जिथे फिरेल तिथे लाकडावर दोऱ्याएवढी एक उंच रेघ राहायची. होडीच्या बाहेरून बाबा ती तासून काढत. आतून तशीच ठेवत. आतलं कोण बघतं, म्हणायचे.

मी म्हटलं, हत्यारं देऊ नको. भावाने वर बघितलंसुद्धा नाही.

“तुका काय करूची आसत?”

“माका काम आसा.”

“खंयचा काम? बायलमाणसाक रंधो मारताना बघूक नाय मी खंय.”

वहिनी दारात उभी राहून हसली. त्या हसण्याने माझ्या अंगाचा असा भडका उडाला की समोरचं पहिलं जे दिसलं त्याच्याकडे मी बोट केलं. ती एक मोडकी गिटार होती. मी वाडीतल्या एका होमस्टेमध्ये स्वयंपाक करायला जाते. तिथे एक पाहुणा आपल्याच गिटारीवर बसला आणि तिचं पोट फुटलं. मालकिणीने ती मला चुलीत घालायला दिली. येताना रस्त्यात मी तिच्या फुटक्या पोटात बघितलं होतं. आत फासळ्या होत्या. बारीक बारीक, आडव्या-तिरप्या, चिकटवलेल्या. होडीला असतात तशाच. गाण्यातलं मला काही कळत नाही. पण तेवढं बघून मी ती चुलीकडे न नेता ओटीवर ठेवली होती.

अशी दुसरी करणार, असं मी म्हणाले. म्हणजे ते माझ्या तोंडातून गेलं.

भाऊ इतका हसला की त्याला खोकला आला. मग त्याने खडू खाली ठेवला आणि शेजारचे दोघे दगडी गडग्यापलीकडे उभे होते त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “दसऱ्याक ही वाजली, तर हत्यारां तुझी. नाय वाजली, तर दुसऱ्या दिवशी रिसॉर्टवाल्याची गाडी येतली.”

“सगळ्यांसमोर वाजूक होयी,” वहिनी म्हणाली. “खोलयेत कडी घालून नाय.”

त्या दोघांनी मनात धरलं होतं की मी दोन दिवस रडेन आणि गप्प बसेन. मला ते माहीत होतं. म्हणूनच मी रडले नाही.

माळ्यावर बाबांनी ठेवलेल्या फणसाच्या दोन फळ्या होत्या, वीस वर्षं सुकलेल्या, हळदीसारख्या पिवळ्या. पाठ आणि कडा त्यांच्या करायच्या ठरवल्या. पुढच्या पोटाचं लाकूड मोडक्या गिटारीत फिकट आणि हलकं होतं. तसं आमच्याकडे कुठून यायचं? मग आंब्याच्या जुन्या लाकडी पेट्या आठवल्या. आता सगळे पुठ्ठ्याचे खोके वापरतात, पण गोठ्याच्या माळ्यावर तसल्या पेट्या पडून होत्या. मी वासाने आणि वजनाने निवडल्या. चार पट्ट्या कडेला कड लावून चिकटवल्या. मोडकीचा एकेक भाग मी सोडवला, जुन्या कॅलेंडरच्या मागे ठेवून पेन्सिलीने आकार काढले. मानेचे पितळी पट्टे पक्कडीने एकेक उपटून डब्यात ठेवले. तारा पिळायच्या खुंट्या काढून रॉकेलमध्ये धुतल्या.

पहिली फळी करवतीने उभी चिरून पातळ करायची होती. हे काम दोघांचं. मी फळीचं एक टोक पडवीच्या खांबाला काथ्याने बांधलं आणि एकटीच चिरायला लागले. भाऊ समोर चहा पीत बसला होता. चार दिवस मी चिरत होते आणि चार दिवस तो तिथेच चहा पीत होता. एकदाही उठला नाही. फक्त एकदा वहिनीला म्हणाला, खांब पडलो तर घर पडात. बाबांच्या वेळी मी दुसरं टोक धरायची तेव्हा हा दप्तर घेऊन समोरून जायचा, हे मला त्या चार दिवसांत चारशे वेळा आठवलं असेल.

कडा वाकवायला मात्र मला कोणी लागलं नाही. बाबा होडीची फळी आग आणि ओलं गोणपाट यांच्यात वाकवायचे. मी पंपाच्या जुन्या पाइपात नारळाच्या सोडणांचे निखारे भरले आणि ओली केलेली पट्टी त्यावर हळूहळू दाबत गेले. घाई केली की कट्कन मोडते. लाकूड ऐकायला लागलं की हाताला कळतं. दोन मोडल्या, दोन वाकल्या.

पाठ आणि कडा चिकटल्या, आत फासळ्या बसल्या. अजून पुढचं पोट लावलं नव्हतं. खोलीत जमिनीवर ठेवलेली ती वस्तू मी बघत होते आणि ती अगदी लहान होडी दिसत होती. उघडी, कडा वर आलेली, आत फासळ्यांचे वाक घातलेली. मग मी जे केलं ते लिहायला आजही लाज वाटते. नवीन होडी पाण्यात घालायच्या आधी बाबा तिच्या आत घागरीने पाणी ओतायचे आणि बाहेरून वाकून सांधे बघायचे. कुठे थेंब दिसला की तिथे कापूस ठासायचे. मी तीन तांबे पाणी आणलं आणि गिटारीत ओतलं.

एक थेंब बाहेर आला नाही. मी चारी बाजूंनी फिरून बघितलं. मला इतका आनंद झाला की पाणी तसंच ठेवून मी होमस्टेवर स्वयंपाकाला गेले.

परत आले तेव्हा वहिनी दारात होती आणि तिच्यामागे शेजारच्या दोघी. सुकलेला गोंद पांढरा चिकट झाला होता. पाठ फुगून ताटासारखी झाली होती आणि फासळ्या सुटून पाण्यावर तरंगत होत्या.

“गिटारीत पाणी भरलां हेणी,” वहिनी शेजारणींना म्हणाली, जशी मी तिथे नव्हतेच. मग माझ्याकडे वळून अगदी गोड आवाजात, “आता तेच्यात दोन सुंगटां सोड, काय गो?”

दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात कोळंबी विकणारी एक बाई मला विचारते, सुंगटां मोठी झाली काय. आठवडाभर हेच. मी टोपली उचलून चालू लागायची. माझ्या मनात मी त्या सगळ्यांना एकेक करून खाडीत ढकललं. वहिनीला दोनदा.

पण खरी भीती वेगळी होती. फणसाची आता एकच फळी उरली होती आणि आषाढ संपत आला होता. ही बिघडली तर भिंतीवर खिळे.

दुसरी मी खांबाला बांधून चिरली आणि मधल्या रंध्याने साफ केली. या वेळी पाण्याचा तांबा खोलीत आणलाच नाही. पावसाळ्यात गोंद सुकेना, म्हणून नवीन सांगाडा चुलीवरच्या फळीवर ठेवला. वहिनीने त्याच फळीला सुक्या बांगड्यांची माळ टांगली. मी ती काढून बाजूला ठेवली. तिने परत टांगली. असं पंधरा दिवस चाललं, एकही शब्द न बोलता. शेवटी ती जिंकली, कारण तिच्याकडे बांगडे जास्त होते.

श्रावणात पुढचं पोट लावायच्या आधी मला कोणाला तरी दाखवायचं होतं. पलीकडच्या वाडीत एक म्हातारे गृहस्थ आहेत, चर्चमध्ये गिटार वाजवतात. त्यांच्या फाटकापाशी मी दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्यांदा त्यांच्या कुत्र्याने मला धरून ठेवलं म्हणून ते बाहेर आले. मी पिशवीतून सांगाडा आणि पोटाची फळी काढून दिली. त्यांनी आधी सांगाडा नाकाशी नेला.

“बांगडो,” ते म्हणाले. मग फळीवर बोटाने टिचकी मारली. थप्प. “ह्यां काय दार आसा? दार वाजात कसां? पातळ कर.”

मी विचारलं, किती.

“आता मोडात असां वाटता ना, तितक्या. मगे थांब.”

बसाही म्हणाले नाहीत. फळी माझ्या हातात देऊन आत गेले. मला राग आला, पण रस्त्यात मला कळलं की ते बरोबर बोलले होते. माझा हात होडीचा होता. होडीची फळी जाड असावी लागते, तिच्यावर माणसाचा जीव असतो. मी प्रत्येक गोष्ट बुडू नये म्हणून केली होती.

घरी येऊन मी खाच असलेला रंधा घेतला. बाबा फळी निवडताना तिच्यावर बोट वाजवायचे आणि कान लावायचे. “फळयेक बोटान इचार, ती सांगता,” असं म्हणायचे. मी दोन वेळा रंधा फिरवायची आणि एकदा विचारायची. थप्प. थप्प. चौथ्या दिवशी आवाज जरा उघडला. सहाव्या दिवशी टिचकी मारली आणि फळी माझ्या हातात थोडा वेळ गुणगुणत राहिली. मी अजून एकदा रंधा उचलला आणि मग खाली ठेवला. आता मोडेल असं वाटलं, म्हणून थांबले. मग आतल्या फासळ्याही निम्म्या तासल्या. बाहेरून सगळीकडे पॉलिशपेपर मारला. आतून नाही मारला. आतलं कोण बघतं.

पोट चिकटवलं, नव्या मानेत जुने पट्टे आणि खुंट्या बसवल्या आणि तारा आणायला कणकवलीला गेले. दुकानातल्या मुलाने कोणासाठी विचारलं, मी भाच्यासाठी म्हटलं. मला भाचा नाही. खोटं बोलल्याचं वाईट वाटलं नाही. त्या काळात मला कशाचंच वाईट वाटत नव्हतं.

दसऱ्याला ओटीवर भावाने पाट मांडला, लाल फडक्यावर हत्यारं ठेवली, झेंडूची फुलं वाहिली. वाडीतली बारा-पंधरा माणसं जमली होती. सोनं वाटायला म्हणून आले होते, पण सगळे माझ्या खोलीच्या दाराकडे बघत होते. चर्चवाले म्हातारे इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांना भावानेच बोलावलं होतं, चारचौघांत निकाल लागावा म्हणून. मी गिटार आणून त्यांच्या हातात दिली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

त्यांनी खुंट्या पिळायला सुरुवात केली. तारा ताणल्या तशी लाकूड कुरकुरायला लागलं. तो आवाज मला ओळखीचा होता. होडी पहिल्यांदा पाण्यात जाते तेव्हा असंच कुरकुरते आणि मग गप्प होते. सहावी तार ताणताना मी डोळे मिटले. ती गप्प झाली. मग त्यांनी सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला.

आवाज मोठा नव्हता. जरा घोगरा, जाडसर. पण तो ओटीवरून निघून अंगणात गेला आणि गडग्यापर्यंत पोचला, एवढं मी बघितलं, कारण गडग्यावर बसलेल्यांनी मान वळवली. म्हाताऱ्यांनी एक छोटी चाल वाजवली, मग दुसरी. वरच्या एका ठिकाणी तार खरखरते, असं त्यांनी सांगितलं. बाकी बरी आसा, म्हणाले.

मग भाऊ बोलला.

“ही हेणी नाय केली. कणकवलीच्या सुताराकडसून करून हाडल्यान.”

वहिनीने लगेच मान हलवली. मी तारा आणायला कणकवलीला गेले होते, हे तिनेच बघितलं होतं. माणसं माझ्याकडे बघायला लागली. मला चार महिन्यांतलं सगळं सांगायचं होतं, खांबाला बांधलेली फळी, चहाचे कप, सगळं. बारा-पंधरा माणसं, आणि माझी जीभ चौथीच्या पोरीसारखी टाळ्याला चिकटलेली. मी म्हाताऱ्यांच्या हातातून गिटार घेतली आणि भावापुढे धरली.

“आत बघ.”

त्याला कळलं नाही. मग त्याने मोबाइलची बत्ती लावली आणि पोटावरच्या भोकातून आत डोळा घातला. बराच वेळ तो तसाच होता. मला माहीत होतं त्याला काय दिसतंय ते. पिवळ्या फणसावर दोऱ्याएवढी उंच रेघ, एकीच्या शेजारी एक. लहानपणी आम्ही दोघं बाबांच्या होडीच्या तळाशी बसून त्या रेघांवरून नखं फिरवायचो. तो नेहमी म्हणायचा, ही तुझी चूक आसा, सगळ्या होड्यांनी आसा.

त्याने बत्ती बंद केली. गिटार माझ्याकडे दिली. वहिनीला चहा ठेवायला सांगितला. चहा होईपर्यंत तो अंगणात जाऊन फोनवर बोलत होता, रिसॉर्टवाल्याशी, साहेबांशी बोलायच्या मराठीत. “नाही, हत्यारं देता येणार नाहीत,” असं मी ऐकलं. “वापरात आहेत.”

संध्याकाळी पेटी माझ्या दारात होती. आणून ठेवताना त्याने दार वाजवलं नव्हतं. हत्यारं मोजली तर सगळी होती. खडूचे नंबर पुसायला मला दोन दिवस लागले.

यावरून कोणी समजू नये की आमच्यात गोडवा आला. वहिनी अजून लोकांना सुंगटांची गोष्ट सांगते आणि आता ती आधीपेक्षा बरी सांगते. भाऊ माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो. गिटार माझ्या खोलीत खुंटीला असते. मला ती वाजवता येत नाही. म्हातारे महिन्यातून एकदा येतात, तारा जुळवतात, वास अजून आहे म्हणतात आणि जातात.

पण शिमग्याच्या आधी एका सकाळी भाऊ खांद्यावर फळी घेऊन मागच्या पडवीत आला. त्याच्या होडीतली बसायची फळी कुजली होती. फायबरची असली तरी बसायला लाकूडच लागतं. तालुक्यातला सुतार आठ दिवस आला नव्हता. फळी खाली ठेवून तो माडाकडे बघत म्हणाला, “रंधो मारूक होयो हेका.”

होडीचं लाकूड होतं. माझा हात त्याला लागायचा नाही, असं याच घरात ठरलं होतं. मी पेटी उघडली, मधला रंधा घेतला, पात्यावर अंगठा फिरवून धार बघितली. फळी लांब होती. थरथरणार होती.

“दुसऱ्या टोकाक धर,” मी म्हटलं.

तो वाकला आणि धरली. मी पहिला हात मारला. रंधा उडाला. त्याला धरायला कधी लागलंच नव्हतं, तो कसा धरणार.

“सरळ धर. हलता ती.”

त्याने माझ्याकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर मी घाबरले असते. मग त्याने गुडघा फळीवर टेकला आणि दोन्ही हातांनी ती दाबून धरली. मी रंधा मारला. लांब, सबंध साल निघाली आणि त्याच्या पायाशी जाऊन पडली. फळीवर रेघ उमटली. ती मी तासून काढली नाही.